‘रीफ टँक थांबला की संपला’ म्हणणाऱ्यांना मुद्द्यागणिक उत्तर

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचा काचेचा टँक, ठेवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, सूर मात्र एकदम ठाम. थोडक्यात तो असा: “रीफ टँक आहे तसा ठेवला की मागे पडायला लागतो, म्हणून अपग्रेड थांबवू नका. दर दोन वर्षांनी टँक मोठा करा, मोठा टँक सांभाळायला सोपा असतो. लाइट जितका जोरदार तितकी वाढ. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दुप्पट क्षमतेचा लावा आणि नायट्रेट-फॉस्फेट (पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं) शून्यावर आणा. सगळं कंट्रोलरवर (यंत्रं आपोआप चालवणाऱ्या उपकरणावर) टाका. कोरल खुलत नसतील तर साहित्य कमी पडतंय असं समजा.” शेवटी टोमणाही आहे: ज्यांना हे झेपत नाही त्यांनी गोल्डफिश पाळावेत.

गोल्डफिश नीट पाळणंही काही सोपं नाही, पण ते असो. बाकीची वाक्यं एकेक करून तपासायला हवीत, कारण प्रत्येकात थोडं खरं आहे आणि त्या थोड्या खऱ्याच्या आडून बरंचसं खोटं खपून जातं.

“मोठा टँक सांभाळायला सोपा”

पाणी जास्त असलं की तापमान हळू बदलतं, बाष्पीभवनाने खारटपणा हळू चढतो, एखादा मासा दगडामागे मरून पडला तरी अमोनिया लगेच जीवघेणा होत नाही. वीस-पंचवीस लिटरच्या नॅनो टँकमध्ये नवशिक्याची तारांबळ उडते ती याचमुळे. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे.

पण स्थैर्य नुसत्या लिटरवर ठरत नाही; त्या पाण्यात किती जीव राहतात यावर ठरतं. मोठा टँक घेऊन तो अर्धा रिकामा ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. समजा २०० लिटरमध्ये तुमचे कोरल दिवसाला १ डीकेएच अल्कलिनिटी (पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात; डीकेएच हे त्याचं माप) ओढतात. ४०० लिटरचा टँक घेतलात आणि हौसेने कोरलही दुप्पट केलेत, तर तिथेही अल्कलिनिटी रोज १ डीकेएचनेच उतरणार. ती भरून काढणारा डोसिंग पंप अडकला तर दोन्ही टँक सारख्याच वेगाने घसरतील, फक्त दुसऱ्यात मरणारे कोरल दुप्पट असतील.

शिवाय कष्ट. १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटरच्या टँकमध्ये काठोकाठ ४३२ लिटर पाणी बसतं. लांबी १८० केली की ६४८ लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ६६० किलोच्या वर. काच, दगड, स्टँड वेगळं. दहा टक्के पाणी बदलायचं तर आधी ४३ लिटर लागायचं, आता ६५. त्यासाठी दर वेळी दोन किलोहून जास्त मीठ, तेवढंच आरओचं पाणी आणि ते ढवळायला तेवढा मोठा पिंप. माणूस तोच, रविवारही तोच. हळूहळू पाणी बदलणं महिन्यावर जातं, मग “या वेळी राहू दे” वर येतं.

स्थलांतराबद्दल तर मजकुरात चकार शब्द नाही. जुन्या टँकची वाळू उपसताना खालच्या थरात राखाडी-काळे पट्टे दिसतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथे ऑक्सिजन पोचत नसतो, हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. ती वाळू न धुता नव्या टँकमध्ये ओतली तर साठलेली सगळी घाण पाण्यात येते. स्वच्छ धुतली तर तिच्यातले जीवाणू आणि बारीक किडे वाहून जातात. लाइव्ह रॉक (जीवाणू आणि बारीक जीव वसलेले दगड) पाण्यात बुडवून नेले तर बरंच काही वाचतं, पण काच, पाइप, सम्प (टँकखालची गाळणीची टाकी) आणि वाळूचा पृष्ठभाग पुन्हा कोरा होतो. मग आधी डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय, मागून हिरवं शेवाळ, असा सगळा क्रम परत एकदा. दोन वर्षं जमवलेलं टँकचं वय तुम्ही स्वतः पुसलेलं असतं, आणि पुढच्या दोन वर्षांनी, मजकूर सांगतो म्हणून, पुन्हा पुसणार.

एक अपवाद मी बिनशर्त मान्य करतो, तो माशांचा. नासो टँग हा मासा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. तो तीन फुटी टँकमध्ये येरझाऱ्या घालत असेल तर मोठा टँक घ्या, किंवा त्याला मोठ्या टँकवाल्याकडे द्या. पण ही चूक मासा विकत घेताना झालेली असते, टँक तिथे निमित्तमात्र असतो.

“लाइट जितका जोरदार तितकी वाढ”

या वाक्याने जितके कोरल मारले असतील तितके कुठल्या रोगाने मारले नसतील, असं माझं मत आहे.

प्रवाळाच्या पेशींमध्ये राहणारी झोअँथेली ही सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रकाश वाढला की हे काम वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे ते सपाट होतं आणि त्याहूनही प्रकाश वाढवला तर खाली येतं, कारण शैवालाची यंत्रणा तो प्रकाश वापरू शकत नाही आणि पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं साचतात. मग प्रवाळ त्या शैवालालाच बाहेर काढतो. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) २००० च्या आसपास असतं, हा आकडा बरेच जण तोंडावर फेकतात. पण बहुतेक प्रवाळांची प्रकाशाची भूक काहीशे पारलाच भागते. मऊ कोरल आणि मश्रूम कोरल ५० ते १५० पारला मजेत असतात, बहुतेक एलपीएसही (मोठे पॉलिप, म्हणजे एकेक प्रवाळजीव, असलेले कठीण कोरल) त्याच पट्ट्यात. अॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण कोरलला २०० ते ३५० पुष्कळ होतं. त्यावरचा प्रकाश काचेवरच्या शेवाळाला मिळतो.

नवा एलईडी पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर लावला की काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी पॉलिप आत ओढलेले राहतात, मालक म्हणतो, “सवय होईल.” चार-पाच दिवसांत फांद्यांच्या वरच्या बाजूचा तपकिरीपणा उतरतो आणि फिकट गुलाबी, आकाशी छटा दिसू लागतात. हाच धोक्याचा क्षण, आणि नेमका याच क्षणी फोटो काढला जातो: नव्या लाइटने रंग खुलले! प्रत्यक्षात शैवाल निघून चाललेलं असतं आणि खालची कातडी दिसत असते. त्यानंतर बुडाकडून किंवा टोकाकडून मांस सुटायला लागतं आणि पांढरा सांगाडा उघडा पडतो. तेच कोरल, तोच लाइट, पण सुरुवात कमी तीव्रतेने करून तीन-चार आठवड्यांत हळूहळू चढवला असता तर बहुधा काहीच झालं नसतं. प्रवाळ आपली शैवालं आणि रंगद्रव्यं नव्या प्रकाशाशी जुळवून घेतो, त्याला फक्त आठवडे लागतात.

लाइट खरोखर कमी पडतो, असंही होतं. अॅक्रोपोरा ६० पारमध्ये बसवला असेल तर तो तपकिरी पडणारच. पण ते ठरवायला पारमीटर लागतो, तो कुणाकडून तरी दोन दिवस उसना मिळतो. आणि मीटर लावण्याआधी लाइटच्या खालच्या बाजूला साचलेला मिठाचा थर ओल्या फडक्याने पुसून घ्या. टी-फाइव्हच्या (फ्लोरोसंट) नळ्या वापरत असाल तर त्या ठरावीक काळाने बदलाव्याच लागतात. ती देखभाल आहे, तिला अपग्रेडचं नाव देऊन मिरवायचं कारण नाही.

“दुप्पट स्किमर, नायट्रेट-फॉस्फेट शून्य”

समुद्रातल्या रीफवरच्या पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्यं अगदी कमी असतात, हे खरं. पण त्याच पाण्यातून प्लवंगांचा आणि कणांचा खुराक रात्रंदिवस वाहत असतो. आपण टँकमध्ये पहिली गोष्ट आणतो, दुसरी विसरतो. मग शून्य म्हणजे स्वच्छता राहत नाही, उपासमार होते.

होनोलुलूच्या वायकिकी मत्स्यालयाचं उदाहरण या हौसेत जुनं आहे, तरी पुन्हा सांगावं लागतं. तिथल्या टँकना विहिरीचं खारं पाणी मिळायचं. त्याचा पीएच कमी आणि पोषकद्रव्यं बहुतेक नैसर्गिक रीफपेक्षा जास्त. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या पाण्यात ५७ जातींचे प्रवाळ वाढत होते, आणि वाढीचा वेग समुद्रात नोंदलेल्या वेगांच्या वरच्या टोकाला होता. त्या पाण्यातलं फॉस्फेट आपल्या मापात लिटरला साधारण ०.०६ मिलिग्रॅम येतं. हा आकडा किटवर दिसला की आपल्याकडचे लोक घाबरून रिअॅक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरतात. २०१३ मध्ये साउदम्प्टनच्या संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली: नायट्रोजन आहे पण फॉस्फेटची उपासमार आहे, अशा स्थितीतले प्रवाळ उष्णता आणि प्रकाशाच्या ताणाखाली लवकर पांढरे पडतात.

शून्याच्या मागे लागलेल्या टँकमध्ये पुढे काय येतं ते अनुभवी लोकांना ठाऊक आहे: डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव. वाळूवर आणि फांद्यांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. रात्री कमी, दुपारपर्यंत पुन्हा भरपूर. यावर उपाय म्हणून आणखी मोठा स्किमर घेतात ते लोक वेगळेच.

आणि स्किमर मुळात करतो किती? पेन स्टेट विद्यापीठात २००९ च्या सुमारास मोजमाप झालं, त्यात स्किमर पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा साधारण २० ते ३० टक्के भागच काढू शकतात असं दिसलं. बाकीचं फेसाला चिकटतच नाही. म्हणून क्षमता दुप्पट केली की सफाई दुप्पट होत नाही. उलट कमी मासे असलेल्या टँकवर अवाढव्य स्किमर लावला की फेस धरायला पुरेसा मालच मिळत नाही. फेस मानेपर्यंत येतो, बसतो, पुन्हा येतो आणि कप कोरडा राहतो.

“सगळं कंट्रोलरवर टाका”

अर्धं मान्य. बाष्पीभवन भरून काढणारं एटीओ मी कुणालाही घ्यायला सांगेन. हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटतो आणि टँक उकडून निघतो, म्हणून तापमानाचा वेगळा कंट्रोलर आणि एका मोठ्या हीटरऐवजी दोन छोटे, हेही घ्या. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप घ्या. गंमत अशी की या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे त्या मजकुरात नाहीत.

पण पीएचचा प्रोब काही महिन्यांत सरकतो, आणि कंट्रोलर त्या चुकीच्या आकड्यावर पूर्ण निष्ठेने काम करत राहतो. प्रत्येक नवं यंत्र म्हणजे बिघडू शकणारी आणखी एक जागा, हे धरूनच ते घ्यावं.

“कोरल खुलत नाहीत म्हणजे साहित्य कमी”

रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर शून्य केला होता की ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मिठाच्या) द्रावणावर तपासला होता? गेल्या आठवड्यात अल्कलिनिटी साडेसातवरून दहावर गेली का? शेजारचा युफिलिया कोरल रात्री लांब दंशक शुंडके सोडतो का? एंजल मासा पॉलिप टोचतो का? अॅक्रोपोरावर चावल्यासारखे फिकट ठिपके आणि बुडाशी तपकिरी अंडी आहेत का, म्हणजे चपटे कृमी? यातल्या एकावरही नवा लाइट किंवा मोठा टँक हा इलाज नाही. नव्या टँकमध्ये कृमी तुमच्याबरोबर येतील.

त्यात अपग्रेड करणारा एका शनिवारी लाइट, स्किमर आणि मीठ तिन्ही बदलतो. नंतर सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, बिघडलं तरी कळत नाही.

नवं यंत्र उघडायचा आनंद मलाही कळतो. हौसेला मोल नसतं. ती हौस म्हणून खुशाल करा. फक्त ती कोरलच्या नावावर खपवू नका.

“थांबला की मागे पडतो”

१९६१ च्या सुमारास जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ ठेवून दाखवले. १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी लाइव्ह रॉक, स्किमर, मेटल हॅलाइड दिवे आणि चुन्याची निवळी यावर अॅक्रोपोरा वाढवला. त्यांच्यातल्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टँकमधल्या अॅक्रोपोराचे तुकडे पुढे हातोहात कितीतरी घरांत गेले. क्लाउनफिश टँकमध्ये वीस वर्षांहून जास्त जगल्याची उदाहरणं आहेत. अशा माशाच्या आयुष्यात या मजकुराच्या हिशेबाने दहा घरं बदलायची होतात.

आणि अपग्रेड न केलेला टँक थांबलेला नसतोच. अॅक्रोपोराच्या फांद्या पसरल्या की खालच्या मोंटिपोरा कोरलवर सावली पडते. दोन वर्षांपूर्वी जिथून प्रवाह मोकळा जायचा तिथे आता कोरलची भिंत असते आणि तिच्यामागे घाण साचते. वेव्हमेकरमध्ये (पाण्याला प्रवाह देणाऱ्या पंपामध्ये) चुन्याचा थर बसून त्याचा जोर निम्म्यावर येतो. त्याला पातळ व्हिनेगरमध्ये तासभर चालवलं की बहुतेकदा जोर परत येतो. फांद्या छाटा, वेव्हमेकरची दिशा बदला, अल्कलिनिटी रोज त्याच वेळी तपासा.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर छाटलेले तुकडे एखाद्या नवशिक्याला द्या. सोबत आपलं पार, अल्कलिनिटी आणि खारटपणाचे आकडे लिहून द्या. पहिल्या महिन्यात त्याला नव्या लाइटपेक्षा त्या चिठ्ठीचाच उपयोग जास्त होईल.