डावीकडचा टकला क्रॉप करा

कॅमेरा घेतलात? अभिनंदन. हप्ते किती उरलेत ते विचारत नाही. लेन्स घेताना घरी काय थाप मारलीत तेही विचारत नाही. पैसे वसूल व्हायचे तर आता रस्त्यावर उतरणं भाग आहे, म्हणून 12 वर्षं नाशकातले रविवार वाया घालवलेल्या माणसाच्या या चार सूचना. फुकट आहेत, ठेवून घ्या.

आधी जागा. कॉलेज रोड, गंगापूर रोड वर्ज्य. तिथली माणसं आपल्यासारखीच असतात, म्हणजे ‘ओ, फोटो कशाला काढताय?’ असं तोंडावर विचारतात. स्ट्रीट फोटोग्राफीतला स्ट्रीट आपल्या फ्लॅटपासून निदान चार किलोमीटर लांब असावा आणि तिथल्या माणसाला आपल्याला हटकायला फुरसत नसावी. भद्रकाली, भांडी बाजार, गोदाकाठचा बुधवारचा बाजार, रामकुंड. पहाटे साडेपाचला जमायचं, सातपर्यंत लोकांच्या वाटेत उभं राहायचं, आठला मिसळ. एखाद्या रविवारी फोटो चुकला तरी चालेल, मिसळ चुकवू नका.

मग चेहरा. सुरकुत्या मोजून घ्या. बाजारात मेथी विकणारी म्हातारी शेजारणीशी हसत असेल तर घाई करू नका, थांबा. केव्हातरी दमेलच. दमली की क्लिक. जुडी मात्र विकत घ्यायची नाही, त्याने कँडिडपणा जातो.

रंग जमले नाहीत की ब्लॅक अँड व्हाइट करा. आमच्या फोटोग्राफी ग्रुपमधल्या एकाने रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, मारलेला धप्पासुद्धा ब्लॅक अँड व्हाइट केला होता. प्रत्येक रहाडीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो, पोरं तो रंग आठवडाभर कानामागे घेऊन फिरतात, आणि याच्या फोटोत ती डांबरात पडल्यासारखी दिसत होती. वाहवा भरपूर मिळाली.

नाव एका शब्दाचं ठेवा. वेदना, अस्तित्व, संघर्ष. दुपारी गाडीवर बसून पिठलं-भाकरी खाणाऱ्या भेळवाल्याचा फोटो ‘संघर्ष’ या नावाने प्रदर्शनात लागला होता. त्याचा संघर्ष एवढाच होता की हा प्राणी समोरून हलतो कधी आणि मला घास घेता येतो कधी.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं कसं, हे शास्त्र वेगळं आहे. ‘छान टिपलंय सर’ हे उसनं आहे, पुढच्या महिन्यात परत मिळतं. खरंच काही कळत नसेल तर ‘लीडिंग लाइन्स’ म्हणा. कार्टिए-ब्रेसाँ या थोर फ्रेंच फोटोग्राफरचं नाव महिन्यातून एकदा घ्यावंच लागतं. आमचे एक ज्येष्ठ ‘ब्रेसाँ कधी क्रॉप करत नसे’ असं सांगून नवशिक्यांना घाम फोडतात. डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा ब्रेसाँचा 1932 सालचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे, हे त्यांना सांगायला जाऊ नका. मी सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या फोटोंच्या वेळी त्यांना नेमका फोन येतो. आणि शिकागोत लोकांची मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायरचा विषय तर काढूच नका. बाईने लाखावर निगेटिव्ह काढल्या आणि जवळजवळ कुणालाच दाखवल्या नाहीत. 2007 साली गोदामातल्या सामानाच्या लिलावात त्या बाहेर आल्या. असा वागायला लागला प्रत्येकजण, तर आमच्या मासिक बैठकीत वेफर कोण खाणार?

आता मुख्य धडा. दशक्रिया.

घाटावर दहाव्याला जमलेली माणसं म्हणजे आयतं ताट. सब्जेक्ट पळून जात नाही. भाव आणायला सांगावं लागत नाही, आधीच रडत असतो. डोकी ताजी भादरलेली, त्यांवर कोवळं ऊन. दर्भ, तीळ, पिंड, सगळी मांडणी गुरुजींनी करून दिलेली. लांबून जवळचं दाखवणारी 70-200 लेन्स लावायची आणि समोरच्या पायऱ्यांवर बैठक मारायची. ब्रेसाँने बहुतेक सगळं आयुष्य 50 मिलिमीटरच्या लेन्सवर काढलं, पण 50 ला माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की तोही आपल्याकडे बघतो. नको ती भानगड.

कावळा शिवत नसेल तर नशीबच उघडलं समजा. पाऊण तास गेला तरी उठू नका. तिकडची माणसंही थांबलेलीच असतात, त्यांना कुठे जायचंय? मधेच त्यांच्यातला कुणी पुढे होऊन हात जोडून काहीतरी पुटपुटेल. तुम्हाला ऐकू येणार नाही आणि ऐकायची गरजही नाही. ‘अण्णा, विहिरीचा दावा मागे घेतो, काकाशी बोलतो, आता या,’ असलं काहीतरी घरगुती असतं. तुम्ही बर्स्टवर बोट ठेवून बसा. कावळा उतरला की सेकंदाला दहा फ्रेम.

मग महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एका क्लासच्या हॉलमध्ये तो फोटो भिंतीवर पाडायचा. नाव ‘प्रतीक्षा’. एक म्हातारी तोंडाशी पदर धरून उभी, पंख पसरून कावळा उतरतोय, डावीकडे एक टकला, उघडा, पाठमोरा. हॉलभर ‘क्या बात है’. एकजण म्हणाला, कावळा जरा उजवीकडे असता तर रूल ऑफ थर्ड्समध्ये बसला असता. दुसऱ्याला पिंडांवरचे हायलाइट्स जळलेले दिसले. तिसऱ्याचं म्हणणं, म्हातारीच्या चेहऱ्यावर व्यथा थोडी कमी पडतेय. कमी पडतेय! पाठचा भाऊ गेला होता तिचा. किती हवी होती अजून? किलोभर? वजनकाटा आणायचा होता का घाटावर? आणि मग आमचे ज्येष्ठ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘फ्रेम मस्त आहे, फक्त डावीकडचा टकला क्रॉप करा. नजर विनाकारण तिकडे जाते.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत होतो. टोपी घालून. केस अजून अर्धा इंचही वाढले नव्हते.

कुणाला सांगितलं नव्हतं मी. काही बोललोही नाही. वेफरची प्लेट आली ती पुढे दिली.

आता बोलतो. अरे, बाप होता तो माझा. ती म्हातारी माझी आत्या आहे, दिंडोरीहून पहाटेच्या एसटीने आली होती, आणि व्यथा कमी दिसली कारण कावळा येताना बघून तिला हायसं वाटलं होतं. एवढं कळायला कॅमेरा लागत नाही. तू पाऊण तास आमच्या समोर बसलास. पाऊण तास! त्यातली दोन मिनिटं उठून पूल ओलांडून येऊन ‘काका, फोटो काढू का?’ एवढं विचारता आलं नाही तुला? नाही म्हणालो असतो, हीच भीती ना? हो, म्हणालोच असतो.

आणि मी काही धुतलेला तांदूळ नाही. 2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर ओलं लुगडं पिळणाऱ्या एका बाईचा फोटो मी काढला, ‘श्रद्धा’ म्हणून स्पर्धेला पाठवला आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावला. तिने माझ्याकडे बघून हाताने ‘नको’ केलेलं त्यात स्पष्ट दिसतं. अकरा वर्षं पाहुण्यांना मी तो हात ‘जेश्चर’ म्हणून दाखवत आलो. आता पुन्हा सिंहस्थ तोंडावर आलाय, आपली सगळी पलटण लेन्सा पुसून बसलीय, म्हणून हे बोलतोय. लाज वाटू दे जरा. मलाही वाटायला बाप मरावा लागला.

तो फोटो स्पर्धेला पाठवायचा नाही. कार्डातून, लॅपटॉपमधून, सगळीकडून पुसायचा. पण आधी एक प्रिंट काढ. आत्याला फोटोचं सांगितलं तेव्हा वाटलं चिडेल, तर म्हणाली, ‘कावळा दिसतोय का रे त्यात? मग मला दे एक.’ आठ बाय बाराची काढ, रंगीत. स्वतः दिंडोरीला जाऊन तिच्या हातात दे. आणि डावीकडचा टकला त्यात पाहिजे.