नंबर मोठा घ्या म्हटलं अन् टाचेला फोड आले: काटोलच्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण जरा तावातच होतो, म्हणून लिहिलेलं सगळं खोडून टाकलं. आता डोकं थंड आहे, म्हणजे मे महिन्यात नागपुरात जेवढं थंड राहू शकते तेवढं.

ज्यांनी ती कमेंट पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांब पल्ल्याच्या ट्रेल रनसाठी, म्हणजे डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवर पळण्यासाठी, जोडे अन् सामान कसं निवडायचं हे मी मागे लिहिलं होतं, त्यावर भाऊंनी तीन गोष्टी सुनावल्या. एक, मी म्हटलं तसा एक नंबर मोठा जोडा घेतला अन् 25 किलोमीटरमध्येच दोन्ही टाचांना फोड आले. दोन, त्यांच्या वडिलांनी पचमढीच्या डोंगरातली नागद्वारची यात्रा कितीतरी वेळा स्लिपरवर केली, इथिओपियाचा धावपटू बिकिला तर अनवाणी ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकला, मग हे महागाचे जोडे कायले पाहिजे. तीन, विदर्भात जॅकेट अन् शिट्टी घेऊन पळणं म्हणजे उन्हाळ्यात रजई पांघरणं. अन् शेवटी, 'तुम्ही दुकानदाराचे एजंट दिसता.'

एजंटवालं आधी निपटवतो. मला आजपर्यंत कोणी एक मोजाही फुकट दिलेला नाही. उलट नागपुरातच बर्डीतल्या एका दुकानात मलाच गंडवलं होतं, सुरुवातीच्या दिवसांत. त्या माणसाने अंगठ्याने जोड्याचं टोक दाबून पाहिलं, 'एकदम परफेक्ट बसला साहेब' म्हणाला अन् रोडचा जोडा ट्रेलचा म्हणून माझ्या गळ्यात मारला. गोरेवाड्याकडच्या दगडांवर दोन महिन्यांत पुढचा सोल असा उघडला की चालताना जोडा जांभई देऊन राहिला असं वाटे. मोच्याकडून दोनदा चिकटवला, मग सोडून दिला. तर एजंट मी नाही, गिऱ्हाईक आहे, अन् तेही फसलेलं.

आता फोडांचं. इथे चूक माझी आहे, सरळ कबूल करतो. 'एक नंबर मोठा घ्या' हे मी एका ओळीत फेकून दिलं अन् पुढे गेलो. असं लिहायला नको होतं, कारण नंबर म्हणजे काय हेच आपण कधी पाहत नाही. आपल्याकडे चालतो तो युके नंबर, त्यात एका पूर्ण नंबराचा फरक जेमतेम साडेआठ मिलिमीटर अन् अर्ध्याचा सव्वाचार. अन् तोही लांबीतला. रुंदी वेगळीच गोष्ट आहे. तुमचा पाय पंजात रुंद असला अन् कंपनीचा साचा अरुंद, तर दुकानात जोडा चावते म्हणून माणूस मोठा नंबर घेतो, पंज्याला जागा मिळते पण मागे टाच मोकळी पडते अन् दर पावलाला दोन-तीन मिलिमीटर वर-खाली घासत राहते. त्यात घामाने मोजा ओला. ओली कातडी, उष्णता अन् तेच ते घासणं, तिन्ही एकत्र आले की वरची कातडी एकीकडे ओढली जाते, आतलं मांस दुसरीकडे, मधल्या फटीत पाणी भरते, झाला फोड. तुमचे फोड टाचेच्या मागच्या बाजूला आले असं तुम्ही लिहिलं, म्हणून मला वाटते की तुमचं हेच झालं. नंबर कमी पडला असता तर बोटांची नखं काळी झाली असती, टाच वाचली असती.

नखांचं मला चांगलं माहीत आहे. पचमढीला चौरागडाच्या पायऱ्या उतरताना, हजारावर पायऱ्या आहेत त्या, माझी बोटं दर पायरीला जोड्याच्या टोकावर आपटून राहिली होती. खाली पोचेपर्यंत अंगठ्याची दोन्ही नखं जांभळी अन् महिन्याभराने दोन्ही गळून पडली. बायको म्हणाली, नेलपॉलिशचे पैसे वाचले. तेव्हापासून पुढच्या जागेबद्दल मी जरा जास्तच घाबरतो अन् त्या घाबरण्यातूनच ते 'एक नंबर मोठा' लिहिलं गेलं.

तर नीट सांगतो, कसं मोजायचं. संध्याकाळी मोजा, सकाळी नाही, कारण दिवसभरात पाय फुगतो अन् सहा-सात तास पळाल्यावर तर अजून पसरतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, पूर्ण वजन टाकून. सगळ्यात लांब बोटापाशी पेन उभा धरून खूण करायची, काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असते हे विसरू नका. दोन्ही पाय मोजायचे अन् मोठा पाय धरायचा. मग पळताना जो मोजा घालता तोच घालून जोड्यात उभं राहायचं, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, म्हणजे एक सेंटिमीटर किंवा थोडी जास्त. ही जागा कोणाला अर्ध्या नंबरात मिळते, कोणाला एकात, कोणाला नेहमीच्याच नंबरात, कारण प्रत्येक कंपनीचा 9 नंबर वेगळा. अन् एवढं करूनही टाच उचलली जात असेल तर तो जोडा तुमचा नाही. कितीही सेल असो.

पण तुम्ही तर घेऊन बसले. मग आधी एक करून पाहा. जोड्याला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जास्तीचं भोक असते, ज्यात नाडी कोणीच घालत नाही. नाडी आडवी पलीकडे न नेता त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालायची, पूर्ण ओढायची नाही, छोटा कान राहू द्यायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या कानातून अन् उजवं डाव्या कानातून काढायचं, टाच मागे ठोकून बसवायची अन् टोकं वर नाही, खाली-बाजूला ओढायची. कान आवळतात अन् घोट्यापाशी जोडा धरून ठेवतात. मग नेहमीची गाठ. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात अन् शिवी येते तोंडात, नंतर सवय होते. माझा एक जोडा निव्वळ या कानांवर वाचला आहे.

अन् मोजे कॉटनचे होते का तुमचे? लिहिलं नाही तुम्ही, पण मला शंका आहे. कॉटन घाम पिते अन् सोडत नाही, पाय दिवसभर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा राहते. सिंथेटिक घ्या, पातळ.

आता नागद्वार. भाऊ, मी स्वतः नागद्वार केलं आहे, लहानपणी आजोबांबरोबर, अन् नागपंचमीच्या त्या दिवसांत पावसात, चिखलात, लोखंडी शिड्यांवर स्लिपर घालून म्हातारी माणसं सरसर जातात हे डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या स्लिपरला मी नावं ठेवणार नाही. बिकिलाचं पण खरं आहे. 1960, रोम, अनवाणी, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. तुमच्या बाजूचा याहून भारी पुरावा मीच देतो: 1993 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिलची 100 मैलांची शर्यत जिंकली मेक्सिकोच्या ताराहुमारा जमातीतल्या व्हिक्तोरियानो चुर्रोने. वय 55 अन् पायात टायर कापून केलेल्या चपला. अगदी आपल्याकडे शेतावर घालतात तशा.

पण तोच बिकिला 1964 ला टोकियोत जोडे-मोजे घालून पळाला, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दीडेक महिनाच झाला होता, अन् वेळ आली 2 तास 12 मिनिटं 11 सेकंद. म्हणजे जोड्याने जिंकला असं नाही, अनवाणी असल्याने जिंकला असंही नाही. तो बिकिला होता. अन् चुर्रो लहानपणापासून त्याच चपलांवर डोंगर चढला-उतरला. तुमच्या वडिलांचे तळवे पण तसेच असतील, शेतात तयार झालेले. माझे तळवे शाळेपासून बुटात अन् आता दहा वर्षांपासून ऑफिसात एसीत बसून आहेत. तळव्याला ती सवय लागायला वर्षं जातात.

शिवाय यात्रेत माणूस चालते. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पळताना अख्खं शरीर हवेतून एका पायावर येते अन् जमीन वजनाच्या दोन-अडीच पट परत मारते. 70 किलोच्या माणसाला दर पावलाला दीडशे किलोच्या वर. 50 किलोमीटरला पन्नास-साठ हजार पावलं पकडा. टोकदार दगडावर तेच वजन आलं की मधे काहीतरी कडक पाहिजे, म्हणून काही ट्रेलच्या जोड्यात सोलच्या वर एक पातळ कडक पत्रा टाकलेला असते. गोरेवाड्याच्या किंवा रामटेकच्या बाजूला दगड उघडे आहेत तिथे तो कळतो. साध्या मुरमाच्या वाटेवर अजिबात लागत नाही, उगाच पाय कडक पडतो.

तसंच सोलखालच्या रबरी दातांचं. व्हिडिओ पाहून लोक 6 मिलिमीटरचे दात मागतात, आपल्याकडे वर्षातले आठ महिने वाट कोरडी, मुरूम अन् सागाची पानं, तिथे 3-4 पुरे. अन् पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत शिरले तर कोणताच दात कामाचा नाही. ऑगस्टमध्ये एकदा गेलो होतो कळमेश्वरकडे, दोनशे मीटरमध्ये प्रत्येक पायाला एवढा गारा चिकटला की जोडा दिसेना, काडी घेऊन बांधावर बसलो खरवडत. एक म्हातारे बाबा बैल घेऊन चालले होते, अनवाणी, म्हणाले, 'काहाडून हातात घ्या नं जी.' तेव्हा तुमची कमेंट आली असती तर मी मान्य केली असती.

जॅकेट-शिट्टीबद्दल अर्धं तुमचं बरोबर, अर्धं नाही. मी एकच यादी दिली, रविवारची 20-25 किलोमीटरची धाव अन् रात्रभराची शर्यत यांत फरक केला नाही. मे महिन्यात पहाटे साडेचारला निघून आठच्या आत घरी येणाऱ्याने जॅकेट नेऊ नये, दीड लिटर पाणी न्यावं. पण 'विदर्भात थंडी कुठे' हे ऐकून मला एकच आठवते. 22 मे 2021, चीनच्या गान्सू प्रांतात 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत. महिना मेच. 172 जण निघाले, मधे हवामान फिरलं, गारा, बर्फासारखा पाऊस, वारा, अन् अंगावर अर्धी चड्डी अन् पातळ टीशर्ट. 21 जण गेले. त्यात लियांग जिंग पण होता, चीनचा नावाजलेला अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब पल्ल्याचा) धावपटू, नवशिका नव्हे. वारा अडवणारं जॅकेट तिथे सक्तीचं नव्हतं. म्हणून डिसेंबरात सातपुड्यात रात्री पळणार असाल तर हातात मावेल एवढं गुंडाळलेलं जॅकेट न्याच, दीड-दोनशे ग्रॅम वजन असते, भिजलेल्या अंगाला वारा लागला की कळते ते कायले होतं. शिट्टी तर दहा-वीस रुपयाची. नाल्यात पाय मुरगळून पडले, मोबाईलला रेंज नाही, अशा वेळी ओरडून ओरडून घसा पाच मिनिटांत बसते.

पैशांचं बोलायचं तर माझ्या सगळ्या सामानात सगळ्यात कामाची वस्तू 60 रुपयाची आहे. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळ मोज्यात घुसते, तुम्हाला माहीतच आहे. ते नुसतं टोचत नाही, त्याला मागे पिळलेलं शेपूट असते, ओलं झालं की ते उलगडते अन् पुढचं टोक स्क्रूसारखं आत फिरते. मोजा घामाने ओला, म्हणजे कुसळाची चंगळच. एकदा घरी येऊन चिमट्याने एका मोज्यातून एवढी काढली की वाटीत जमा झाली अन् मुलीने विचारलं, हे खायचं आहे का. मग जुन्या लेगिंगचा घोट्याएवढा तुकडा महाल भागातल्या टेलरकडून शिवून घेतला, खाली एक इलास्टिक सोलखालून जायला, पुढे नाडीत अडकवायला हूक. जोड्याच्या तोंडावर झाकण. कुसळ बंद, खडे पण बंद. तो तुम्ही पण शिवून घ्या, मी फोटो टाकतो खाली.

अन् त्या जोड्याचं असं करा. नाडी सांगितली तशी बांधून, सिंथेटिक मोजा घालून, टाचेला आधीच टेप लावून सात-आठ किलोमीटर पळून पाहा. तरी टाच उचललीच तर फेकू नका अन् रागाने अर्ध्या किमतीत विकू पण नका, नंबर 10 आहे असं लिहिलं तुम्ही. माझ्या मेहुण्याला 10 लागतो, तो सध्या माझेच मोजे घालून पळून राहिला अन् परत देत नाही. त्याच्याशी बोलून ठेवतो.