गावात कोणाला पुसले होते का?

वर्धा नदीच्या उजव्या काठाने, नदी डाव्या हाताला ठेवून, एका दिवसात २१ किलोमीटर चालत अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर गाठायचे, अशी डिसेंबरमधल्या पायपिटीची आखणी मी आज सकाळी आमच्या मित्रमंडळाच्या गटात टाकली. पाच मिनिटांत एका तरुण मित्राचे उत्तर आले : "काका, चढ तर कुठेच नाही. चार तासांत आटपते. एवढे कागद कशाला रंगवता?" त्याखाली सात जणांनी हसरे चेहरे ठेवले. ते सात चेहरे दुपारच्या जेवणातही माझ्या ताटासमोर बसून होते, म्हणून आता हे सविस्तर लिहितो आहे.

चार तासांचा हिशेब कुठून येतो, हे मला ठाऊक आहे. विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा सांगितला : ताशी सुमारे पाच किलोमीटर धरा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास वाढवा. त्या हिशेबाने आपले २१ किलोमीटर सव्वाचार तासांत संपायला हवेत. परंतु त्या गृहस्थाच्या हिशेबात वऱ्हाडातला नाला नाही, ओलिताच्या तुरीत बुटाला चिकटणारी आणि दर पावलाला शेरभर वाढणारी काळी माती नाही, आणि पुराने खचलेल्या काठावरून पुन्हापुन्हा शेतात वर चढणे व पात्रात खाली उतरणेही नाही. नदीकाठचा दिवस किलोमीटरने मोजायचा नसतो, तो नाल्यांनी मोजायचा असतो. आमच्या वाटेत असे नऊ नाले आहेत आणि नवांपैकी एकाने मला आयुष्यभराची अद्दल घडवली आहे.

काही वर्षांपूर्वी याच वाटेने आम्ही चौघे निघालो होतो. सायंकाळी सव्वापाच वाजता आम्ही सातव्या नाल्याच्या तोंडाशी उभे होतो, समोर छातीभर संथ पाणी होते आणि पाठीमागे सूर्य तुरीच्या शेंड्यांना टेकला होता. डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे तो पावणेसहाच्या आत मावळतो. म्हणजे हातात उरली होती पुरती अर्धा तासाची उन्हे.

"पाण्यात उतरून पोहत गेला असतात," असे ज्यांना वाटते, त्यांनी रेतीचा उपसा झालेले पात्र एकदा काठावरून तरी पाहावे. गुडघाभर पाण्यात टाकलेल्या पावलाच्या पुढचे पाऊल दीड पुरुष खोल खड्ड्यात जाते आणि वरून पाणी मात्र सगळीकडे सारखेच दिसते. "अंधारात शेतातून गेला असतात," असे म्हणणाऱ्यांनी तर बोलूच नये. रानडुकरांसाठी शेतकऱ्याने कुंपणाच्या तारेला लावलेले झटका मशीन हिसका देऊन सोडते, पण खांबावर आकडा टाकून तारेत सोडलेला चोरटा करंट माणसाला सोडत नाही, आणि अंधारात दोन्ही तारा एकसारख्याच असतात. त्या शेतकऱ्यावर मी रागावू शकत नाही, कारण रात्रभर जागल करूनही ज्याचा हरभरा डुकरे फस्त करतात त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण म्हणूनच माझ्या आखणीत लिहिले आहे की चार वाजता आपण जिथे असू तिथून गावाची वाट धरायची, मग कौंडण्यपूर दोन किलोमीटरवर दिसत असले तरीही.

गटात दुसऱ्या एका विद्वानांनी सुचवले की ऑगस्टमध्ये जाऊ, तेव्हा सगळे हिरवेगार असते. साहेब, ऑगस्टमध्ये अप्पर वर्धा धरणाची १३ दारे उघडली, तर ज्या वाटेवर आपण चालणार ती वाटच नदी झालेली असते. हिरवळ बघायची असेल तर घराच्या गच्चीवर मेथी लावा!

असो. राग बाजूला ठेवून सांगतो.

त्या वेळी मी आखणी केली नव्हती असे नाही. मी मे महिन्यात मोटारसायकलने जाऊन प्रत्येक नाला पाहून आलो होतो. सातवा नाला तेव्हा ठणठणीत कोरडा होता आणि त्यात शेळ्या बसल्या होत्या. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशातही तो कोरडाच होता, कारण तो फोटोही बहुधा उन्हाळ्यातला असावा. पावसाळा सरला की रब्बीच्या ओलितासाठी खालच्या बंधाऱ्याची दारे टाकतात, पाणी मागे फुगत येते आणि नाल्यांच्या तोंडात शिरते, ही गोष्ट मला माहीत नव्हती. नदीकाठच्या शाळकरी पोराला ती माहीत असते. नकाशे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, त्या रात्री डांबरी रस्ता त्याच मोबाइलने दाखवला, हे मान्य करतो.

आता जे गटात कधीच लिहिले नाही ते लिहितो. त्या दिवशी दुपारी एक वाजता आम्हाला सांगितले गेले होते. कापूस वेचणाऱ्या एका बाईने पाठीवरची ओटी सावरत हाक मारली होती, "भाऊ, म्होरं नाल्यात पानी तुंबलं हाये. पुलावरून जा." पूल तीन किलोमीटर आत होता. मी हसून "हो ताई, बघतो" म्हणालो आणि चार पावले गेल्यावर मित्रांना म्हणालो, की हिला काय कळते, मी स्वतः पाहून आलो आहे. मागे वळून पाहिले तेव्हा ती अजून आमच्याकडेच बघत उभी होती. माझे वाक्य तिने ऐकले असावे, असे मला आजही वाटते.

संध्याकाळी जाळे टाकायला आलेल्या एका म्हाताऱ्या भोई काकांनी आम्हाला डोंग्यातून दोन खेपांत पलीकडे नेले. दोनशे रुपये मागितले, मोजून घेतले आणि डोंगा वळवताना एवढेच विचारले, "गावात कोनाले पुसलं नाई का बापा?" पुसायची गरज नव्हती, आम्हाला न पुसताच सांगितले होते, हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.

तर त्या तरुण मित्राला उत्तर : बाबा रे, रंगवलेल्या कागदावर अजून तारीख नाही. उजाडताच निघायचे, माणशी चार लिटर पाणी, शिदोरीला भाकरी आणि ठेचा, उभ्या पिकातून नव्हे तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालायचे, एवढे ठरले आहे. तारीख ठरवण्यापूर्वी येत्या रविवारी मी त्या सातव्या नाल्याच्या गावात जाणार आहे. बंधाऱ्याची दारे कधी टाकणार ते विचारायचे आहे, आणि ते शेतही मला आठवते. वेचणी चालू असेल. गाडीवर मागे एक जागा रिकामी आहे, तू येतोस का?