टाकी रिकामी होती

टाकी रिकामी होती. परत लिहितो, रिकामी होती. मी स्वतः, याच दोन हातांनी, भर पावसात उकिडवं बसून रिकामी केली होती. आणि काल सकाळी, ज्यांच्याकडून सुट्टीसाठी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेतली त्या महाभागांची मेल येते : "मैल्याची टाकी रिकामी न करता वाहन परत केल्यामुळे डिपॉझिटमधून शुल्क वजा करण्यात आले आहे." करण्यात आले आहे! कुणी केलं नाही हो, आपोआप झालं. झाडावरून पान गळावं तसं माझं डिपॉझिट गळलं.

पुरावा म्हणून काय जोडलंय? आतल्या पॅनेलवरच्या दिव्याचा फोटो. तोच तो, टाकी दोन तृतीयांश भरलीय म्हणणारा. आरव्हीत ज्यांनी चार रात्री काढल्यात त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. तो दिवा गाडी ताब्यात घेतली तेव्हाही दोन तृतीयांशच दाखवत होता. आमच्यापैकी एकाचंही पाऊल बाथरूममध्ये पडलं नव्हतं तेव्हा! टाकीच्या भिंतीत पातळी ओळखायला ज्या धातूच्या खुंट्या असतात, त्यांना कुणा पूर्वजाचा टॉयलेट पेपर चिकटून बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे मला कुणी सांगितलं? त्यांच्याच माणसाने. "ते बघू नका सर, सगळ्या गाड्यांत तसंच दाखवतं." तोच माणूस, तेच पॅनेल, तोच दिवा. गाडी देताना दिवा खोटारडा, घेताना एकदम सत्यवचनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चोर कुठल्या सुट्टीत येऊन गेला देव जाणे.

आता त्या सकाळचं ऐका. डम्प स्टेशनवर, म्हणजे जिथे या टाक्या रिकाम्या करतात तिथे, आमच्या पुढे तीन गाड्या. पाऊस. हातमोजे त्यांनी दिलेले, म्हणजे सँडविचच्या दुकानात घालतात तसले पातळ. होज, म्हणजे मैल्याचा तो जाड पाइप, काढला, टाकीच्या खालच्या तोंडाला लावला, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घातलं आणि ते निसटू नये म्हणून वर दगड ठेवला. आधी मैल्याची टाकी, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे मागून येणारं पाणी होज धुऊन काढतं. हा क्रम मला आता झोपेतही येतो. पहिला व्हॉल्व्ह ओढला आणि होज जिवंत झाल्यासारखा उसळला. मी पायाने दाबून धरला. सँडल घातलेल्या पायाने. पुढचं लिहीत नाही. मग टाकीत पाणी भरून पुन्हा सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. होजला पारदर्शक प्लॅस्टिकचा कोपरा असतो ना, त्यातून काचेसारखं पाणी जाईपर्यंत मी तिथून हललो नाही. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता. वाजव बाबा.

एवढ्यावर थांबलो नाही. बाथरूमच्या दाराला आडवी चिकटपट्टी लावली. परतीच्या अडीच तासांत घरच्यांना तीन पेट्रोल पंपांवर उतरवलं, पण त्या दाराला कुणाला हात लावू दिला नाही. धाकटी रडकुंडीला आली होती. आई म्हणाली, "अरे, ती लहान आहे." मी म्हटलं, "आई, डिपॉझिट." पोटच्या पोरीला डिपॉझिटसाठी अडवून धरणारा बाप आहे मी, आणि हे लोक मला दिव्याचा फोटो पाठवतात!

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे घर मुळातच फिरतं होतं. वासे जागच्या जागी होते, वास तेवढा फिरत होता.

बरं, डिपॉझिटचं एक वेळ सोडा (सोडणार नाहीच). सुरुवातच कशी झाली? जाहिरातीत लिहिलंय "सहा जण आरामात झोपतात". त्यातले दोघे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या त्या माळ्यात, जिथे कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याची परवानगी काढावी लागते. आणि दोघे जेवणाच्या टेबलावर. शब्दशः टेबलावर, ते खाली पाडून त्यावर गाद्या जोडायच्या. म्हणजे एकाला झोप आली की सगळ्यांचं जेवण संपलं. अंथरूण-पांघरूण वेगळ्या भाड्याने, भांडी वेगळ्या भाड्याने. घर देतो म्हणाले होते ना? घरात चमचा नसतो का?

गाडी ताब्यात देताना त्या पोराने वीस मिनिटांत सगळं उरकलं. हा व्हॉल्व्ह, हा गॅस, हा जनरेटर, इथे सही. जनरेटरचे तास मोजणार, किलोमीटर मोजणार, रोजच्या मर्यादेपलीकडे एक चाक फिरलं तरी पैसे. विम्याच्या कागदावर खाली मुंग्यांच्या अक्षरात लिहिलेलं : छप्पर नाही, टायर नाही, काच नाही, गाडीची खालची बाजू नाही. मग उरलं काय? पडदे? 11 फूट उंच गाडी नवख्या माणसाच्या हातात देता आणि नेमकं छप्परच विम्यातून वगळता, याला धंदा म्हणतात का सापळा? मी प्रत्येक पुलाखालून जाताना मान खाली घालत होतो. माझी मान! जसा काही मीच 11 फूट आहे.

फ्रिजचं मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही. गॅसवर चालणारा तो जुन्या पद्धतीचा फ्रिज, गाडी सपाट उभी नसेल तर रुसून बसतो. आमची जागा थोडी उताराची होती. सकाळी उठतो तर सगळं कोमट. मग चाकाखाली फळ्या सरकवा, गाडी इंचभर पुढे घ्या, पातळी बघा, मागे घ्या. पातळी बघायला मोबाइलवर अ‍ॅप. बायको बाहेर उभी राहून "अजून थोडी, अजून थोडी, बास, बास, अहो बास!" त्या शेवटच्या "अहो"च्या आधीच फळी मोडली होती.

आणि वीज. 30 अँपिअरची जोडणी. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की अंधार. पहिल्या रात्री तीनदा. मुलगा अंधारात विचारतो, "बाबा, हॉटेलात असं होतं का?" कुणी शिकवलंय त्याला हे, मला माहीत आहे.

कारण हॉटेल नको म्हणणारा मीच. हे लिहायलाच हवं, नाहीतर बायको खाली कमेंटमध्ये येऊन लिहील. तीन महिने रात्री जागून आरव्हीचे व्हिडिओ मीच बघितले. "स्वातंत्र्य" हा शब्द घरात मी इतक्या वेळा वापरला की मुलांनी त्यावर बंदी घातली. मेहुण्याने सरळ हॉटेल बुक केलं तेव्हा "तुम्हा लोकांना खरा प्रवास कळतच नाही" हेही मीच म्हणालो. मग पहिल्याच वळणावर गाडीचं मागचं शेपूट फिरून खांबाला लागलं. मागच्या चाकाच्या पलीकडे एवढी गाडी लोंबते, ती उलट्या बाजूला झुलणारच, हे व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं. तो भाग मी पुढे ढकलला होता, कारण कंटाळवाणा होता. गंमत म्हणजे तो ओरखडा त्यांना दिसलाच नाही. जे केलं ते सुटलं, जे केलं नाही त्याचे पैसे गेले.

गाडी घेताना मी धाकटीकडून व्हिडिओ काढून घेतला होता, शहाण्यासारखा. अकरा मिनिटांचा. काल रात्री तो शोधून काढला. चारही टायर आहेत, त्यातल्या एकाचे अडीच मिनिटं. प्रत्येक कपाट आहे. मग मी आत जातो, पॅनेलकडे वळतो, तो पोरगा "ते बघू नका" म्हणण्यासाठी तोंड उघडतो, आणि माझाच आवाज : "बंद कर गं, स्टोरेज भरतंय उगाच." धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा माझं एका हाकेत ऐकलं.

आता एकच पुरावा शिल्लक आहे. डम्प स्टेशनवर बायकोने माझा एक फोटो काढला होता. पावसात निथळणारा मी, एका हातात होज, हाताला फाटका मोजा, चेहऱ्यावर जे काही होतं ते. घरच्या ग्रुपवर टाकला, "साहेब सुट्टीचा आनंद घेताना". मी एवढा भडकलो की तिथल्या तिथे ग्रुपवरून आणि तिच्या फोनमधूनही पुसायला लावला. त्याच फोटोत तो पारदर्शक कोपरा आहे. त्यात स्वच्छ पाणी आहे. तारीख आहे, वेळ आहे.

मेहुण्याने तेवढ्यात तो जपून ठेवला होता, हे मला बायकोच्या हसण्यावरून कळलं. शेवटी नाक मुठीत धरून त्याला मेसेज केला : फोटो पाठव आणि महत्त्वाच्या जागेभोवती लाल वर्तुळ काढ, मेलला जोडायचाय. पाच मिनिटांत आला. वर्तुळ काढलंय. माझ्या चेहऱ्याभोवती.