सिकलसेलची गोळी बंद करू नका

‘सिकलसेलवर एका इंजेक्शनचा कायमचा इलाज निघाला आहे, हायड्रॉक्सीयुरिया हे कॅन्सरचे औषध असल्याने मुलांना देऊ नका, आजार बरा होणारच, त्यामुळे लग्नाआधी रक्त तपासायची गरज उरली नाही, आणि तसाही हा फक्त आदिवासींचा आजार आहे’, असा संदेश सध्या नागपुरात मोबाइलवरून घरोघरी फिरतो आहे. मी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणी शिबिरांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करतो. गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातील एक आई मला हाच संदेश दाखवत होती आणि तिच्याशेजारी बसलेला तिचा आठ वर्षांचा मुलगा दोन्ही नडग्या हातांनी घट्ट दाबून आवाज न करता रडत होता. तीन आठवड्यांपासून त्याची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद होती.

इंजेक्शनचा दावा अर्धाच खरा आहे. ‘कॅसजेव्ही’ या जनुक संपादनावर आधारलेल्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने, १२ वर्षांवरील रुग्णांसाठी, मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचे निष्कर्ष तपासता आले, त्यांतील २९ जणांना किमान सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता, आणि ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. परंतु याला एक इंजेक्शन म्हणणे चूक आहे. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल केला जातो, मग तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी केली जाते, त्यानंतरच त्या पेशी शिरेवाटे परत दिल्या जातात आणि रुग्णाला कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते. या केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्याची क्षमता बाधित होऊ शकते, हेही आईवडिलांना माहीत असायला हवे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये ठरली. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेले ‘बिरसा १०१’ हे जनुक संपादनाचे तंत्र नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. पण तंत्र जाहीर होणे आणि आपल्या मुलाला ते रुग्णालयात मिळणे यांत मोठे अंतर असते.

सर्वांत घातक विधान दुसरे आहे. हायड्रॉक्सीयुरिया काही कॅन्सरमध्ये वापरतात हे खरे, परंतु सिकलसेलमध्ये त्याचे काम वेगळे आहे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन असते आणि जन्मानंतर ते कमी होत जाते. हे हिमोग्लोबिन पुरेसे असले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत, त्या लहान रक्तवाहिन्यांत अडकत नाहीत आणि हाडे दुखण्याचे प्रमाण घटते. हायड्रॉक्सीयुरिया हे हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते, आणि कॅसजेव्हीही, ते दाबून ठेवणाऱ्या जनुकाला निष्प्रभ करून, नेमके हेच साधते. म्हणजे ज्या गोळीला हा संदेश विष ठरवतो, तिचाच मार्ग त्या नव्या उपचाराने धरला आहे. प्रौढ रुग्णांवरील १९९५ सालच्या मोठ्या चाचणीत या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. नागपुरातही डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेत ते देऊन त्याचा लाभ दाखवून दिला आहे. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. पण ही काळजी घेण्याची बाब आहे, औषध टाकून देण्याची नव्हे.

लग्नाआधीच्या तपासणीविषयी माझा आग्रह रोजच्या कामातून आलेला आहे. सॉल्युबिलिटी चाचणीत द्रावणात थोडे रक्त मिसळून ती नळी काळ्या रेषांच्या कागदापुढे धरतात. रेषा दिसल्या तर निष्कर्ष नकारात्मक, आणि द्रावण गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. व्यक्ती एएस, म्हणजे एकाच पालकाकडून सिकलचे जनुक मिळालेली वाहक आहे की एसएस, म्हणजे दोघांकडूनही ते मिळालेला रुग्ण, हे मात्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो, म्हणून न तपासता ते कळत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिले आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय जनुक संपादन रुग्णाच्या रक्तपेशींपुरते असते. त्याच्या बीजपेशी तशाच राहतात, त्यामुळे तो बरा झाला तरी मुलांना सिकलचे जनुक देतोच.

चौथ्या दाव्याला फार शब्द नकोत. विदर्भात गोंड, माडिया या आदिवासींप्रमाणेच बौद्ध, कुणबी आणि तेली कुटुंबांतही हा आजार आढळतो.

ज्यांनी गोळी थांबवली आहे त्यांनी राहिलेल्या गोळ्या दुप्पट घेऊन भरून काढू नयेत. मुलाला घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, किती दिवस खंड पडला ते न लपवता सांगावे आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील त्या मात्रेने औषध पुन्हा सुरू करावे. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.