गोल वाईट नाही, पण गोल नाही

परवा मुलीने मला चारचौघांत माफ केलं. मी माफी मागितली नव्हती.

प्रकरण पृथ्वीचं. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला तक्ता करायचा होता, कंपास सापडेना आणि मी म्हणालो, "आण इकडे, हातानेच काढतो." एवढंच.

प्रदर्शनात त्या तक्त्यासमोर एक आजोबा थांबले. बाकीचे दोन सेकंदांत पुढे सरकत होते. हे मान तिरकी करून उभेच. मग त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली. (माणसं खिशात काय काय घेऊन फिरतात! मला वेळेला रुमाल सापडत नाही.) टेपचं टोक त्यांनी मुलीला उत्तर ध्रुवावर धरायला लावलं.

"उभा एकोणीस." मग टेप आडवी धरली. "साडेएकवीस सेंटीमीटर. कुणी काढलाय?"

"बाबाने. पण मी त्याला काही बोलले नाही."

"शहाणी आहेस. वय काय बाबाचं?"

"एकेचाळीस."

"हं. म्हणजे आता हात वळायचा नाही." आजोबांनी सुस्कारा टाकला. "जन्मभर सुतारकाम केलंय मी. गोल वाईट नाही. पण गोल नाही."

"पृथ्वी पण पूर्ण गोल नसते. ध्रुवांकडे चपटी असते," मुलगी माझ्या बाजूने भांडली.

"असेल. पण एवढी?"

मी तिथेच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

मूळ दोष माझाच म्हणा. गेल्या वर्षी हीच मुलगी एक अक्षर तिरकं गेलं की खोडत बसायची. खोडरबर ग्राफाइटबरोबर कागदाचे तंतूही ओढतं. आधी कागदाला लव येते, मग भोक पडतं, मग रडारड. मीच रोज घोकवलं, चुकलं तर चुकलं, आभाळ कोसळत नाही. तिने ते इतकं मनावर घेतलं की आता स्वतःच्या चुका सोडून देते आणि माझ्याही. माझ्या कशाला? आणि त्याही मोठ्याने?

शाळेचं तर बोलूच नका. पालकसभेत तासभर 'मुलांना चुकू द्या', आणि वहीत लाल पेनाने 'अक्षर सुधारा', खाली दोन रेघा. मग पोराने चुकायचं तरी कुठे, जिन्यात?

रात्री झोप येईना. हिशेब केला. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवांमधला त्याहून सुमारे ४३ किलोमीटरने कमी. म्हणजे माझ्या तक्त्यावर चपटेपणा पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. मी अडीच सेंटीमीटर चेपली होती, जवळजवळ दीड हजार किलोमीटर. म्हातारा बरोबर होता, हेच जास्त झोंबलं.

कंपास दप्तरातच होता. पण आता हट्टच. हातानेच. सातव्या गोलाला दार वाजलं.

"बाबा, झोप ना. भोक पडेल."

मी कागद दिव्यासमोर धरला. पडलं होतं. दक्षिण ध्रुवाशी.