दोन निळ्या, एक लाल: त्या ‘पोलीस सूचने’त खरं किती?

सण आला, निवडणूक लागली किंवा कुठे दगडफेकीची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर एक जुनं ढकलपत्र नव्या तारखेसह फिरू लागतं. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: ‘सर्व सदस्यांना सूचना. कोणाच्याही भावना दुखावतील असा मेसेज टाकल्यास आयटी अॅक्ट कलम ६६-अ नुसार ३ वर्षे कैद. विनावॉरंट अटक. अॅडमिन सर्वस्वी जबाबदार. सर्व मेसेज सरकार पाहते. दोन निळ्या व एक लाल टिक दिसली की कारवाई सुरू झाली समजा.’

निव्वळ थाप असती तर हसून सोडून देता आली असती. पण यात खऱ्याची भेसळ आहे, त्यामुळे एकेक वाक्य वेगळं काढून पाहावं लागतं.

‘कलम ६६-अ नुसार ३ वर्षे कैद’

हे कलम २४ मार्च २०१५ पासून मेलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने ती लिहिली होती, दुसरीने लाइक केली होती. त्या संतापातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अख्खं कलमच घटनाबाह्य ठरवलं. ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले शब्द इतके सैल की कुणालाही त्यात अडकवता यावं, हा मुख्य आक्षेप. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. गोष्ट चिथावणीपर्यंत पोहोचली तरच कायद्याने हात घालावा, ही पायरी याच निकालात स्पष्ट झाली.

तरीही पुढे कित्येक वर्षं या कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. कायद्याच्या छापील प्रतीत कलम जसंच्या तसं, आणि ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत! शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही. तेव्हा एखाद्या कागदावर आजही ६६-अ दिसलं तर वकिलाला पहिल्यांदा तेच दाखवा.

‘कोणाच्याही भावना दुखावतील असा मेसेज’

घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची आठ कारणं मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी. शिवाय निर्बंध ‘वाजवी’ हवा. हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. भावना या यादीत नाहीत.

मग धार्मिक भावनांची कलमं कुठून आली? ती आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९५-अ. पण त्यात ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने’ या शब्दांना वजन आहे. हे कलम १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात टिकलं, ते याच शब्दांच्या आधारावर: अनवधानाने, बेफिकिरीने झालेला अपमान त्यात येत नाही. गटागटांत वैर पेरण्याचं कलम १९६ (जुनं १५३-अ) लावायचं तर वैर पसरवण्याचा इरादा दिसायला हवा. कुणीतरी दुखावलं, एवढ्याने भागत नाही.

दुखावलं कोण, हेही न्यायालय पाहतं. मोजपट्टी कुणाची? हळव्या, जिथे तिथे धोका दिसणाऱ्या माणसाची नव्हे. समंजस, खंबीर मनाच्या माणसाची. ही कसोटी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मांडली आणि ती आजही वापरात आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ३७० कलम हटवल्याचा निषेध करणारा आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा स्टेटस ठेवला. हातकणंगले पोलिसांनी १५३-अ लावलं, मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, आणि ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयाला विरोध करणं आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणं यात वैर पसरवणं कुठे आलं, असा साधा हिशेब. निकाल उत्तम, पण एका स्टेटसपायी माणसाचं दीड वर्षाहून अधिक गेलं, हेही विसरू नये.

‘अॅडमिन सर्वस्वी जबाबदार’

इथे गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण नेमकं आहे. २०१६ मध्ये एका ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याबद्दल गलिच्छ भाषा वापरली. अॅडमिनने त्याला ना काढलं, ना माफी मागायला लावली. अॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला: अॅडमिनला सदस्य घेता येतात, काढता येतात, पण मेसेज पडण्याआधी गाळता येत नाही, दुसऱ्याच्या कृत्याचं फौजदारी ओझं त्याच्यावर टाकायचं तर तसं कलम हवं, किंवा दोघांचा समान इरादा, आधी ठरलेला बेत दाखवायला हवा.

एक खाच मात्र आहे. २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपने अॅडमिनला इतरांचे मेसेज सर्वांसाठी डिलीट करण्याची सोय दिली. ‘आता तर हातात खोडरबर आहे’ असा युक्तिवाद उद्या होऊ शकतो. आमच्या मते तरी तो समान इरादा सिद्ध करायला पुरणार नाही.

ढकलपत्राला खरेपणाचा वास येतो तो वेगळ्या कारणाने. एप्रिल २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली (मनाई आदेशाचं कलम) काढलेल्या आदेशात अॅडमिनला वैयक्तिकरीत्या जबाबदार धरलं होतं. असे आदेश ठरावीक हद्दीपुरते, ठरावीक मुदतीपुरते असतात, साधारणपणे दोन महिन्यांच्या आतले. आज नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १६३ झालं आहे. सूचना आली की आदेशाचा क्रमांक, तारीख आणि हद्द शोधावी. तिन्हीपैकी काहीच नसेल तर तो आदेश नव्हेच.

‘सरकार सगळं पाहते’

लाल टिक नावाची वस्तू व्हॉट्सअॅपमध्ये नाही. मेसेज पोलिसांपर्यंत पोहोचतात ते बहुधा तुमच्याच ग्रुपमधल्या कुणाच्या तरी स्क्रीनशॉटने. न्यायालयात तो पुरावा म्हणून मांडताना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. म्हणून घाबरून चॅट पुसून टाकू नका. मागचापुढचा संदर्भ त्यातच असतो आणि तो तुमच्याच कामाचा.

‘विनावॉरंट अटक’

अर्धसत्य. २९९ आणि १९६ दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात; अजामीनपात्रही. पण ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस द्यायची असते; नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. ३ ते ७ वर्षांच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करता येते. अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी हा मार्ग घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी एका कवितेवरून झालेला गुन्हा रद्द करताना सांगितलं. शिवाय २९९ आणि १९६ या दोन्ही कलमांत सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. बदनामी तर अदखलपात्र. तिथे फिर्यादीला थेट दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं.

ज्याची खरी धास्ती वाटायला हवी ते या पत्रात नाहीच. आयटी कायद्याच्या ६९-अ खाली पोस्ट किंवा खातं देशभर बंद करता येतं, आणि २००९ च्या नियमांतला नियम १६ तक्रार व कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. लिहिणाऱ्याला कळतं ते एवढंच, की पान उघडत नाही. आदेशात कारणं लेखी असली पाहिजेत, हे श्रेया सिंघल निकालातच म्हटलं आहे, कारण त्याशिवाय त्याला उच्च न्यायालयात आव्हान कसं देणार? पण कारणं लिहिलेला कागदच हाती पडत नाही, तेव्हा भांडण आधी तो कागद मिळवण्यासाठी करावं लागतं.